कोंबड्या चालतील, कोंबडा नाही

पालघर जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. तेव्हापासून डहाणूजवळच्या मसोलीतल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आपण शहरात राहतो असं वाटू लागलं होतं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. गाड्यांच्या भोंग्यांत आयुष्य काढलेल्या या माणसाची पहाटे कोंबडा आरवला की झोपमोड व्हायची.

कोंबडा वॉचमनच्या बायकोचा. पंपाच्या खोलीला लागून त्यांची खोली होती आणि मागे कुंपणापर्यंत थोडी मोकळी जागा. तिथे तिच्या पाच-सहा कोंबड्या आणि तो तांबडा कोंबडा. तलासरीकडच्या पाड्यावरून, माहेराहून, तिने एक कोंबडी काखेत धरून आणली होती; बाकी सगळा तिचाच वंश. मी तिला मावशी म्हणायचे. तशी मी कोणाशीच फार बोलत नसे, पण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तिच्या अंगणावर उघडायची आणि न बोलताही बरंच कळायचं. कोंबड्यांच्या घाणीबद्दल नाक मुरडणाऱ्या प्रत्येक घरातून संध्याकाळी कोणी ना कोणी तिच्याकडे गावठी अंडी घ्यायला यायचं. सेक्रेटरींची बायको ती रुमालात बांधून न्यायची, कारण त्यांच्या घरात अंडं चालत नव्हतं.

मी इंग्लिश मीडियमची. सोसायटीत याचा अर्थ एवढाच, की इंग्रजी कागद आला की मला हाक मारायची. एका संध्याकाळी सेक्रेटरी मोबाइल घेऊन आमच्याकडे आले. निवासी भागात कोंबड्या पाळण्याचा नियम त्यांना सापडला होता.

"याचं शुद्ध मराठी करून दे, बाळा."

मी वाचलं. घरामागे कोंबड्या पाळायला परवानगी, कोंबडा पाळायला मनाई, खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीपासून लांब हवं आणि बर्फ पडण्यापूर्वी त्याला आतून अस्तर लावायचं.

"काका, हा अमेरिकेतल्या कुठल्यातरी गावाचा नियम आहे," मी म्हटलं.

"मग तर चांगलंच. आपल्याकडे इतका बारीक विचार कोण करतं?"

पप्पा चहा पीत मान हलवत होते. मी मराठी करून दिलं. सेक्रेटरींनी फक्त 'बर्फ पडण्यापूर्वी' खोडून 'पावसाळ्यापूर्वी' लिहिलं आणि नियम आपल्या हवामानाला लागू झाला. दुसऱ्या दिवशी तो जिन्याखालच्या बोर्डावर होता, वर ठळक अक्षरांत 'शासकीय नियम'. कुठलं शासन, हे कोणी विचारलं नाही. तळमजल्यावरच्या किराणावाल्या गुजराती काकांनी पुड्या बांधता बांधता निकाल दिला, "रूल एटले रूल."

पार्किंगमध्ये मीटिंग झाली. वॉचमन बायकोच्या मागे उभा होता. नोकरी त्याची होती, त्यामुळे बोलण्याचं काम तिच्याकडे आलं होतं.

"खोली सोसायटीची, नोकरी ह्यांची," ती म्हणाली. "कोंबड्या तेवढ्या माझ्या. कोंबडा घालवला तर पिल्लं कशी व्हायची, साहेब? हायत त्या म्हाताऱ्या झाल्या की संपलं."

"पिल्लं कशाला हवीत?" सेक्रेटरी म्हणाले. " अंडी मिळाली म्हणजे झालं."

कोणाला मिळाली म्हणजे झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. उलट कोंबड्या ठेवू दिल्या म्हणून आपण किती उदार आहोत, याची चर्चा पार्किंगमध्ये बराच वेळ चालली. सेक्रेटरींच्या बायकोने तर बायकांना समजावून सांगितलं, की कोंबडा नसला की अंड्यात जीव नसतो, ते दुधासारखंच. सगळ्या बायकांनी मान डोलावली. कोंबडा तलासरीला मावशीच्या भावाकडे गेला, आणि त्या आठवड्यापासून सेक्रेटरींच्या घरची अंडी रुमालातून बाहेर आली. आता ती उघड्या वाडग्यातून जिना चढू लागली.

मग एक कोंबडी खुडूक झाली. अंडी देणं बंद करून रिकाम्या टोपलीत अंग फुलवून बसून राहिली. जवळ गेलं की चोच मारायची. मावशीने तिला टोपलीसकट उचललं आणि तलासरीच्या जीपमध्ये बसली. कोंबडा तिकडे होता, तर उबवायची अंडीही तिकडेच. परत आली ती एकटी. पुढची खुडूक झाली, तीही गेली. असं करत खुराडं रिकामं झालं. कोंबड्यांनी सोसायटी सोडून जाऊ नये असा नियम त्या अमेरिकन गावाने केलेला नव्हता.

पुढे सेक्रेटरींची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. तिला ताकद यायला हवी होती, आणि अंडं आता शाकाहारी झालं होतं. सेक्रेटरी पंपाच्या खोलीपाशी आले. मी खिडकीत भांडी विसळत होते.

"कोंबड्यांना बंदी कधीच नव्हती," ते सवलत देण्याच्या आवाजात म्हणाले. "नियम वाच. आण परत."

"कोंबडा तिथं हाय ना, साहेब. त्यांना तिथंच करमतं."

ते मागे-पुढे बघून हळूच म्हणाले, "बरं, कोंबडाही आण. फक्त तो आरवणार नाही एवढं बघ."

मावशीने पदर तोंडावर धरला.

"सांगून बघते त्याला," ती म्हणाली.

तिने काही आणलं नाही. सेक्रेटरींनी डहाणू रोडच्या बाजारातून गावठी म्हणून विकलेली तपकिरी अंडी आणली. त्यांच्या बायकोने ती उकडायला ठेवली तेव्हा पाणी तपकिरी झालं आणि अंडी पांढरीशुभ्र निघाली. चहाच्या पाण्यात रंगवलेली. हे त्यांनीच आमच्या आईला सांगितलं, आणि वर म्हणाल्या, हल्ली लोकांना काही नीतिमत्ताच राहिली नाही.

मावशी सुट्टीच्या दिवशी तलासरीला जायची आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत यायची. जिन्यात कोणीतरी अडवून विचारायचंच, अंडी आणलीस का गं? ती म्हणायची, सगळी बसवली. खोलीकडे जाताना माझ्या खिडकीखाली थांबून ती मला पिल्लं किती फुटली ते सांगायची, कोणत्या कोंबडीची, त्यात नर किती वाटतात. नर सांगताना तिचा आवाज जरा चढायचा.

मी ते आमच्या घरातही कोणाला सांगितलं नाही. अंडी मागायला सगळे तलासरीपर्यंत गेले असते.