हवालदाराच्या पोटामागची अडतीस नंबरची गाडी

"बाई, माह्या गाडीवरचा नंबर कोनं पुसला?"

हातात खरकटी पत्रावळ घेऊन सक्रीबाई माझ्यासमोर उभी होती. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून कापसाची बैलगाडी घेऊन ती चार दिवस रांगेत होती. मी वळून पाहिलं. साठ गाड्या गोल रिंगणात उभ्या आणि एकाही गाडीवर आकडा नाही.

मी सिनेमात कंटिन्युइटी बघते. म्हणजे काय, तर पहिल्या शॉटमध्ये हिरोच्या खिशाचं बटण उघडं असेल तर पुढच्या शॉटमध्येही ते उघडंच हवं, याची वही ठेवायची आणि फोटो काढायचे. काम कंटाळवाणं आहे. ते नीट केलं तर कोणाला कळत नाही आणि चुकलं तर सगळ्या महाराष्ट्राला कळतं.

सिनेमा एका जुन्या टीव्ही मालिकेवर बेतलेला होता. जाडा हवालदार झोडगे आणि हडकुळा शिपाई मुळे, अशी जोडी. मालिकेत झोडगे दर आठवड्याला आधी चुकीच्या माणसाला पकडायचा. सिनेमातही झोडग्याचं काम त्याच नटाकडे होतं, फक्त मधल्या वर्षांत त्यांचं पोट बरंच पुढे आलं होतं. मुळे मात्र नवा होता. सीन असा की चोर कापसाच्या गाडीत लपतो आणि हे दोघं साठ गाड्या उपसतात. मी पुसदची. "खऱ्या गाड्या हव्यात तर खरेदी केंद्रावर चला," असं डायरेक्टरला सांगणारी शहाणी मीच.

कापसाची तेव्हा वाईट अवस्था होती. केंद्रावर आठ-आठ दिवस गाड्या उभ्या राहायच्या. टोकन मिळायचं ते थेट गेटवर, तोवरची रांग शेतकरी स्वतःच सांभाळत. बोरी अरबचे रज्जाकभाई, धंद्याने मेकॅनिक आणि घरची थोडी शेती, प्रत्येक गाडीच्या फळीवर खडूने नंबर टाकत. मी विचारलं होतं, कागदावर का नाही लिहीत? "कागद खिशात चुरगळते बाई. गाडी कुठं चुरगळते?" म्हणाले.

म्हणूनच, सरळ रांग फ्रेममध्ये कंटाळवाणी दिसते, गोल करा, असं डायरेक्टरने सांगितल्यावर कोणी कुरकुर केली नाही. नंबर गाडीवर होताच. मग जेवणाची सुट्टी झाली. युनिटने त्या दिवशी सगळ्या रांगेला जेवण दिलं, त्यात गुलाबजाम. झाडून सगळे पंगतीला. तेवढ्यात आमच्या मुंबईच्या आर्ट डायरेक्टरने दोन माणसं लावून साठही गाड्या ओल्या फडक्याने पुसून काढल्या! कॅमेरामनने त्या रिंगणाचा एक शॉटही घेऊन टाकला.

"अहो, का पुसलंत?" मी ओरडलेच.

"आकडे असले तर चोर नंबरावरून सापडेल ना. सीनचा पायाच जातो."

गेटवरून सकाळीच निरोप आला होता. आज फक्त चाळीस गाड्या घेणार, मग काटा बंद. कधी उघडेल ते कोणाला माहीत नाही. सक्रीबाईचा नंबर अडतीस होता. आता साठही जण पहिल्या चाळिसातले झाले. उभाऱ्या, म्हणजे गाडीच्या कडेची उभी लाकडं, लोक हाणामारीसाठी उपसायला लागले. बंदोबस्ताचा खरा शिपाई गुलाबजाम खात होता. मी त्याच्याकडे धावले. तो झोडग्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब हायेत ना तिथं."

आणि लोक खरंच झोडग्यांभोवती गोळा झाले. "साहेब, तुम्हीच निकाल द्या."

"अरे, हा तं दर वेळी चुकीचाच मानूस धरते," मागून कोणीतरी म्हणालं.

"अहो, मी नट आहे!" झोडगे काकुळतीला आले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. सकाळी सरळ रांगेसमोर रिहर्सल झाली होती. झोडग्यांची टोपी गाडीगणिक कलत होती, म्हणून मी इन्स्टंट कॅमेऱ्याने प्रत्येक गाडीपाशी फोटो काढत गेले होते; चाळिसाव्या गाडीशी फिल्म संपली. मी सगळे फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले. मागे आकडे स्वच्छ दिसत होते. रज्जाकभाई एकेक फोटो डोळ्यांशी धरून गाड्या ओळखत त्यांच्यावर परत खडू चालवू लागले. एक, दोन, तीन... सदतीस. एकोणचाळीस. मधल्या फोटोत आकड्याच्या जागी झोडग्यांचं पोट.

"अडतीस माही व्हय," वानखडे नावाचे एक काका लगेच पुढे झाले.

"खोटं! चार दिवस झाले, म्या गाडीखाली झोपून राह्यली," सक्रीबाईचा आवाज फाटला. "फोटो घ्या ना वो बाई, नीट पाहा ना."

मला भयंकर शरम वाटली. त्यांना इथे अडकवलं ते आम्हीच. मी फोटो पुन्हा पाहिला. झोडग्यांच्या टोपीवर एक वाकडी काठी दिसत होती. "ती मुळेची लाठी आहे," आर्ट डायरेक्टर म्हणाला. मी वही उघडली. सकाळची नोंद होती: 'मुळे – लाठी नाही, बैलाने तोडली.'

"रीटेक!" मी म्हणाले.

झोडग्यांना सकाळच्या जागी उभं केलं. टोपी तितकीच कलती, पोट तितकंच पुढे. "श्वास सोडा, सकाळी सोडला होता." आधी वानखड्यांची गाडी मागे आणली. टोपीवर काहीच नाही. मग सक्रीबाईची. तिची एक उभारी मोडलेली होती आणि तिच्या जागी बोरीची वाकडी फांदी बांधलेली. ती बरोब्बर टोपीवर उगवली. सगळ्या रिंगणाने शिट्ट्या मारल्या. सक्रीबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"माही एकेचाळीस हाय," वानखडे खाली बघत म्हणाले. "एकानं हुकत होती, म्हनून पाहाव म्हनलं." त्यांच्यावर मला रागावता आलं नाही.

आता पुन्हा नंबर पुसू द्यायला रज्जाकभाई साफ नाही म्हणाले. डायरेक्टर कळवळला, "अहो, माझा चोर सापडेल!"

"सापडू द्या ना साहेब. दोन-दोन पोलीस हायेत, चोर सापडला तं काय बिघडलं?"

बाकीचा सीन आकड्यांसकटच झाला. दिवस मावळायच्या आत अडतीस नंबरची गाडी काट्यावर चढली. एकेचाळीस नंबरची गेटवरून माघारी फिरली.

सिनेमा पडला. एका पेपरात आलं, 'एका शॉटमध्ये गाड्यांवर आकडे नाहीत, पुढच्याच शॉटमध्ये आहेत. कंटिन्युइटी बघणारे झोपले होते काय?' ते कात्रण मी वहीत चिकटवून ठेवलंय. तेव्हापासून सेटवर कोणी फडकं ओलं केलं की मी आधी विचारते, "पुसताय ते ठीक. पण लिहिलंय कोणी?"