मावशीने पाहिलेल्या पांढऱ्या पेशी

बावीस वर्षं ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत होती. सगळे तिला मावशी म्हणत. सूक्ष्मदर्शकाला तिचा हात लागायचा तो फक्त फडकं मारताना. "शिकलेल्यांची कामं ती," म्हणायची आणि नळ सोडायची.

मग एकदा फुटकी नळी तिच्या अंगठ्यात घुसली. चिंधी गुंडाळून तिने काम उरकलं. तिसऱ्या दिवशी अंगठा लालबुंद, गरम आणि टम्म फुगलेला! ठणका असा की डोळ्यांत पाणी.

"तीन दिवस लपवलंत?" प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, जखम उघडून पू काढला.

"मेली ही सूज!" मावशी कळवळली.

"सुजेला कसल्या शिव्या देता? ती तुमच्याच बाजूची आहे. जंतू शिरले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त धावून येतं, म्हणून लाली आणि गरमी. वाहिन्यांतून पाणी झिरपतं, म्हणून फुगवटा. आणि तिथूनच पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, जंतूंना गिळायला."

"कुणी पाहिलंय?"

"तुम्हीच बघा की!"

पुवाचा थेंब काचपट्टीवर पसरला, रंगवला. मावशीने भीतभीत डोळा लावला. गोल गोल पेशी, प्रत्येकीत जांभळ्या तुकड्यांची माळ, आणि काहींच्या पोटात मोहरीहून बारीक ठिपके.

"ती माळ म्हणजे पेशीचं केंद्रक, पिकलेल्या पेशीत त्याचे असे तुकडे पडतात. आणि ते ठिपके म्हणजे जंतू. गिळलेत त्यांनी. पू म्हणजे मुख्यतः ह्याच पेशी, गिळता गिळता मेलेल्या."

"माझ्यासाठी मेल्या? आणि मी नुसती भांडी विसळत होते!" त्या दुपारी तिचा डबा उघडलाच गेला नाही.

तेव्हापासून तिला वेडच लागलं. काम संपलं की अर्धा तास ती सूक्ष्मदर्शकापाशी. तंत्रज्ञ पोरगी हसत हसत शिकवायची. एकदा ताज्या रक्तात एक पांढरी पेशी अंग लांबवत पुढे गेली, तशी मावशी किंचाळली, "सरकली! अगं, सरकली!" पोरीच्या हातातलं पेनच पडलं.

घरी नवरा सुतार. तो म्हणायचा, "आधी माझं डोकं खायचीस, आता पेशींचं खा."

एके सकाळी तोच रंधा टाकून खाली बसला. बेंबीशी दुखत होतं; दुपारपर्यंत दुखणं उजवीकडे खाली उतरलं.

"गॅस आहे. जिरेल."

"गॅस? मग खोकताना पोट का धरतोस? ऊठ!"

तिने त्याला रिक्षात कोंबलं आणि थेट प्रयोगशाळेत आणलं. पोरीने रक्त घेतलं, काचपट्टी रंगवली. मावशीला दम कुठला! तिने डोळा लावला आणि ती ओरडली, "अगं, केवढी ही पांढऱ्यांची गर्दी! आणि ह्या बघ, ह्यांच्या केंद्रकाचे अजून तुकडेही पडले नाहीत, नुसती वाकडी पट्टी. कोवळ्याच बाहेर पडल्यात, म्हणजे आत मोठी लढाई चाललीय!"

पोरीने पाहिलं आणि धावत डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पोट दाबलं. हात उचलताच सुतार ओरडला.

"आत्ताच्या आत्ता इस्पितळात!"

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. "अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं." मावशी मटकन बाकावर बसली. तिला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दुपारी ती वॉर्डात गेली, तर सुतार शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होता, "माझ्या रक्तात लाल पेशी वाढल्या होत्या, आमच्या हिने ओळखल्या!"

"लाल नाही रे, पांढऱ्या!" ती दारातूनच ओरडली. "सरक जरा, मी सांगते!"

नर्सने रक्तदाबाचा पट्टा हातातच धरला, तीन रुग्णांनी माना वळवल्या, आणि मावशी स्टुलावर बसून अगदी पहिल्यापासून सांगू लागली.