डाव्या हाताची मांडणी

छापखान्यात तिला सगळे मावशी म्हणत, मालकसुद्धा. खरी मावशी ती एकाचीच, धाकट्या बहिणीच्या मुलाची. पानं जुळवायचा प्रोग्राम त्यानंच लिहून मालकाला विकलेला.

अर्धांगाचा झटका येऊन तिचा उजवा हात लुळा पडला. मालक "आता घरी बसा" म्हणायच्या आत भाच्यानं तोडगा काढला. कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, हे त्या प्रोग्राममध्ये आपलं आपण ठरवता यायचं. मावशीनं एकेक करत सगळं काम डाव्या हाताखाली आणलं. त्यात वर्षं गेली. रोज सकाळी खुर्चीत बसून ती डाव्या हातानं उजवा उचलायची, दोन्ही जोडून देवाचं नाव घ्यायची. मग तिला गाठणं दोन हातवाल्यांनाही जमत नसे.

पुढे नवे कॉम्प्युटर आले. बसवणाऱ्यानं विचारलं, "मावशी, तुमचं सगळं तुमच्या नावाच्या फोल्डरमध्येच आहे ना? तेवढं उचलतो, बाकी पुसणार."

तिनं भाच्याला फोन लावला.

"असणारच गं! तिथंच ठेवतात सगळे," तो घाईघाईत म्हणाला.

नव्या कॉम्प्युटरवर तिनं पहिलं बटण दाबलं आणि अख्खा परिच्छेद गायब झाला.

संध्याकाळी भाचा आला, खाली मान घालून. "तुझ्या बटणांची फाईल मी तुझ्या फोल्डरमध्ये नाही, प्रोग्रामच्या शेजारीच ठेवली होती गं. प्रत्येक जातीच्या कॉम्प्युटरवर अशा फाईलची खरी जागा निराळी: विंडोजवर वेगळी, मॅकवर वेगळी, लिनक्सवर तिसरीच. कोण शोधत बसणार? म्हटलं, नंतर बघू."

"आणि ते नंतर आलंच नाही."

"पुन्हा मांडू ना! सांग, कुठल्या बटणाला काय होतं?"

मावशीनं बटणांवर बोटं ठेवली. एरवी न बघता धावणारी बोटं, सांगायची म्हटल्यावर अडखळली. "हे या बोटांना ठाऊक रे. मला कुठे?"

नव्यानं शिकायला ती बसली, पण काम मुंगीच्या पावलानं. मालकानं आठवडाभर कळ काढली. "मावशी, गिऱ्हाईक थांबत नाही हो," म्हणत त्यानं तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसवली. मावशीला गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला दिल्या. एका हातानं होतं ते.

काही महिन्यांनी भाचा खुशीत आला. "प्रोग्राम सुधारला! आता ज्याची मांडणी त्याच्याच फोल्डरमध्ये. कॉम्प्युटर कुठलाही असो, सापडतेच. तुझ्यामुळे झालं गं हे."

"बरं झालं. लोकांची सोय झाली," ती म्हणाली आणि चिठ्ठीवरून अंगठा फिरवत राहिली.

तो गेल्यावर बहिणीचा फोन आला. "ताई, त्यानं मुद्दाम केलं का गं काही? अजून रागावली आहेस?"

"मुद्दाम केलं असतं तर भांडले तरी असते."

सकाळी ती अजूनही डाव्या हातानं उजवा उचलून जोडते. गठ्ठ्यांपाशी, उभ्यानंच.