दादाच्या गिटारची खरखर

"सुहास उठत नाहीये गं. तू ये." आईचा फोन एवढाच होता. मी नाहूरहून कांदिवलीला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेलेसुद्धा होते. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, झोपेतच गेला. गणपती नुकतेच गेले होते, मंडळाच्या स्टेजवर हा साठी ओलांडलेला वीर ऑर्केस्ट्रात गिटार बडवून आला होता, आणि आता... आई रडली नाही. दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर टाक म्हणाली, आणि त्यानंतर तिने दादाचं नाव तोंडातून काढलं नाही. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मी तिच्याजवळच राहिले. येणारे-जाणारे तिच्याशी अगदी हळू आवाजात बोलायचे आणि ती त्यांना चहा घेणार का, एवढंच विचारायची. आमची आई म्हणजे दिवसभर कुणाला तरी झापत असणारी बाई. तिचं ते गप्प राहणं बघून मला खरंच भीती वाटायला लागली, की दादापाठोपाठ हीपण हातची जातेय.

दादाने लग्न केलं नाही. दिवसा गोरेगावला एका कंपनीत हिशेब लिहायचा, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचा. शहर सोडून जाणाऱ्या एका वादकाकडून त्याने ती लाल इलेक्ट्रिक गिटार घेतली, तेव्हा आमचे बाबा होते. "विजेवर चालते? मग तू काय करणार?" असं त्यांनी विचारलं होतं. गिटार झकास होती, पण काही वर्षांनी तिला एक रोग जडला. आवाजाचं बटण जरा फिरवलं, की स्पीकरमधून खर्रर्र... मी टेलिफोन खात्यात जन्म काढलेली बाई, तारा आणि सोल्डरिंग यांच्यातच केस पांढरे झाले. कितीदा म्हटलं, आण इकडे, मी उघडते. "बेबी, हात लावायचा नाही. मी मेल्यावर तुझीच आहे, तेव्हा काय उघडायचं ते उघड." आईने विचारलं की सांगायचा, "कांदिवलीची हवा दमट आहे ना, त्याने होतं." त्याच दमट हवेत आईचा रेडिओ मात्र खणखणीत वाजायचा. मग कार्यक्रमात हा पठ्ठ्या बटणाला हातच लावायचा नाही, आवाज कमी-जास्त करायचा तो नुसत्या बोटांच्या दाबाने. ऑर्केस्ट्रातली मंडळी म्हणायची, सुहासचा हात काय हलका आहे! मला शिकवायचाही प्रयत्न केला त्याने. दोन दिवसांत वैतागला. "तार दाबायची असते गं, चिमटा काढायचा नसतो."

तर ती गिटार आता माझी झाली होती. रिकामं बसवेना, म्हणून नवरात्रात एका दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कामाला लागले. गंजलेल्या तारा काढल्या. दांडा किंचित वाकला होता, तो आतला स्क्रू फिरवून हळूहळू सरळ केला. बोटांचा मळ पुसला. मग मागचं झाकण उघडलं आणि बघतच राहिले. आत कुंकू! बटणाच्या आतल्या भागावर कुंकवाचा आणि हळदीचा घट्ट थर बसला होता, दमट हवेने पार दगड झालेला. त्यात अक्षतांचा एक दाणासुद्धा होता. मग सगळा उलगडा झाला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. विळी, बाबांचे पाने, शिवणाचं मशीन, आणि गिटार आली त्या वर्षापासून गिटारही. पहिल्या दसऱ्याला आईने कुंकवाची चिमूट हातात धरून विचारलं होतं, "आवाज कुठून येतो रे हिचा?" दादाने चहाचा कप तोंडाला लावता लावता, काही विचार न करता सांगून टाकलं, "त्या बटणातून." झालं! मग दर दसऱ्याला आई बरोब्बर त्याच बटणावर भरपूर हळद, भरपूर कुंकू, वर अक्षता आणि फुलाने पाणी. आवाजाची जागा ती, तिथे कंजुषी कशी करायची?

दादाला हे माहीत होतं. बटणाच्या खाली, बाहेरून दिसणार नाही असा, भांडी घासायच्या हिरव्या घासणीचा एक वेडावाकडा गोल त्याने कापून बसवला होता. कुंकू अडवायला. तो गोल लालभडक होऊन गेला होता आणि त्याच्यातून कुंकू खुशाल आत उतरत होतं. म्हणजे त्याने गिटार उघडली होती, बघितलं होतं, आणि झाकण लावून गप्प बसला होता. मला हात लावू दिला नाही, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. "अगं, जरा बाजूला लाव," एवढं चार शब्दांचं काम होतं. पण ती इतक्या प्रेमाने लावायची, की त्याला ते सांगवलं नसणार. मला हसू आलं आणि रडूही आलं. गाढव कुठला, असं मी मोठ्याने म्हणाले.

बटण नवीन बसवलं. त्याच्याखाली कुकरच्या जुन्या रबराची चकती बेताने कापून घट्ट बसवली. दादाची घासणी कुठे आणि टेलिफोन खात्याचं काम कुठे! माझ्या बोटांना सोसतील अशा बारीक तारा चढवल्या, पट्टा आखूड करून घेतला. एवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. वर्तमानपत्रावर खरवडून काढलेल्या कुंकवाचा ढीग होता. "हे काय?" तिने विचारलं. दमट हवा माझ्या अगदी ओठांवर आली होती. त्याने इतकी वर्षं जपलेलं मी का मोडायचं? आणि हिला आत्ता सोसलं नाही तर? पण तिचा तो कोरा चेहरा बघितला, आणि वाटलं, खोटं बोलून मी हिला आणखी एकटी पाडीन. सगळं सांगून टाकलं. पहिल्या दसऱ्यापासून घासणीपर्यंत.

आई खुर्चीत बसली. मला वाटलं, वाट लागली. मग तिने तो हिरवा-लाल गोल उचलला, उलटासुलटा केला. "ही माझी घासणी," ती म्हणाली. "नवी कोरी घासणी कापलीन मेल्याने!" आणि जी सुटली... "मला अक्कल नव्हती, मान्य. तुला तोंड नव्हतं का रे, सुहास? जगभर खरखर ऐकवत फिरलास. दमट हवा म्हणे! येऊ दे त्याला घरी, चांगला..." तिथे ती थांबली. मग आईने पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडली, मध्येच हसली, परत रडली. मी तिचे पाय चेपत बसले. त्या संध्याकाळी तिने दोन वेळा भात मागून घेतला.

यंदा आम्हाला सण नव्हता. तरी दसऱ्याच्या सकाळी बघते तर आई ताट घेऊन हजर. म्हटलं, अगं, वर्ष झालं नाही अजून. "सण आपल्याला नाही. हत्यारांनी काय घोडं मारलंय?" कुंकवाची चिमूट घेतली आणि हात हवेतच राहिला. "कुठे लावू गं?" मी म्हटलं, "बटणावरच लाव. आता खुशाल लाव." तिने लावलं, नेहमीसारखं भरपूर. मी वायर जोडली, बटण फिरवलं. आवाज एकदम स्वच्छ आला. मग मला येत होते तेवढे चार सूर वाजवले, त्यातले दोन चुकले. आईने कपाळाला हात लावला. समोर भिंतीवर दादाचा फोटो होता, पण तिकडे तिने बघितलंसुद्धा नाही. थेट गिटारकडे वाकून म्हणाली, "सुहास, हिला जरा शिकव रे."