कुठल्या खोलीचं तापमान?

शैलाताई मोघे कुठल्याही वस्तूला आधी पालथा हात लावत. चहाच्या किटलीला, टॅक्सीच्या बॉनेटला, प्रयोगशाळेतल्या परदेशी यंत्राला आणि तापाने फणफणलेल्या माणसाला, सगळ्यांना एकच न्याय. "तळवा कामाने निबर होतो, त्याला काही कळत नाही. पालथा हात खरं सांगतो," असं त्यांचं म्हणणं होतं. नागपूरहून मी कोलकात्याच्या त्या संस्थेत रुजू झालो, त्या दिवशी त्यांच्यासमोर बसून स्वतःच्या कामाबद्दल भरपूर बोललो. लॅपटॉपवर आलेखांमागून आलेख दाखवले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग लॅपटॉपच्या पाठीला पालथा हात लावला आणि विचारलं, "दिलेल्यातलं उजेडात किती जातं रे, आणि नुसतं तापण्यात किती?" प्रश्न लॅपटॉपबद्दल आहे असं समजून मी तत्परतेने काहीतरी उत्तर दिलं. तो माझ्या बोलण्याबद्दलही होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

संस्थेत त्या सगळ्यांच्या शैलादी. ताई म्हणणारा मी एकटाच, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत गार्डन रीचला आले आणि पुढे त्यांनी बागबाजारात घर केलं. जुन्या काळी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, तो इथूनच सुरू व्हायचा. "खंदक अर्धवट राहिला आणि मराठे काही आलेच नाहीत," ताई सांगत. "आलो ते आम्ही. तेही बदलीवर, वळकटी आणि लोणच्याची बरणी घेऊन." त्यांची मराठी आईवडिलांच्या तोंडून आलेली, जरा जुन्या वळणाची, पण स्वच्छ. माणसांवर त्या बंगालीत रागावत आणि यंत्रांवर मराठीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मराठीत उलट उत्तर देणारं इथे कोणी नाही, म्हणून."

आमचं काम क्वांटम कॅस्केड लेझरचं. नाव ऐकूनच पाहुणे विषय बदलत, त्यामुळे ताईंनी त्याचं घरगुती रूप तयार ठेवलं होतं. "जिना समजा," त्या सांगत. "साध्या लेझरमध्ये इलेक्ट्रॉन एकदा उडी मारतो, एकदा उजेड देतो आणि मोकळा होतो. आमचा इलेक्ट्रॉन जिना उतरतो. प्रत्येक पायरीवर थोडा उजेड ठेवतो आणि पुढच्या पायरीवर पुन्हा कामाला लागतो. एकाच माणसाकडून इतकं काम करून घेणं आमच्या ऑफिसात तरी कुणाला जमलेलं नाही." हा जिना म्हणजे स्फटिकाचे एकावर एक चढवलेले, मोजक्या अणूंच्या जाडीचे थर. पायरी किती उंच ठेवायची ते आपण ठरवायचं, त्यावरून उजेडाचा रंग ठरतो. हा रंग मध्य-अवरक्त पट्ट्यातला, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. पण प्रत्येक वायू त्यातला आपापला रंग गिळतो. कुठला रंग किती गिळला गेला ते मोजलं की हवेत काय आहे ते लगेच कळतं.

या लेझरची खोड एकच, तो तापतो. दिलेल्या विजेतली बरीचशी उष्णतेतच जाते. सुरुवातीला त्याला द्रवरूप नायट्रोजनने गार ठेवावं लागे. मग जगभरच्या लोकांनी थरांची रचना सुधारत नेली, उष्णता बाहेर काढायच्या युक्त्या शोधल्या आणि तो खोलीच्या तापमानाला अखंड चालू लागला. 'खोलीचं तापमान' हे शब्द एखाद्या शोधनिबंधात दिसले की ताई चष्मा कपाळावर चढवत. "कुठल्या खोलीचं? यांच्या की माझ्या? वैशाखात बागबाजारात येऊन बसा म्हणावं." एका परिषदेत त्यांनी हाच प्रश्न एका परदेशी वक्त्याला सगळ्यांसमोर इंग्रजीत विचारला. तो बिचारा हसला, सभागृहही हसलं. ताई हसल्या नाहीत.

का हसल्या नाहीत ते मला त्यांच्या घरी कळलं. थंडीत त्या पुरणपोळी करत, आणि पुरणात खजुराचा नलेन गूळ घालत. माझ्या विदर्भी जिभेला हा अधर्म वाटला तरी मी चार पोळ्या हाणल्या. जेवणानंतर त्या मला गॅलरीत घेऊन गेल्या आणि खाली गल्लीतलं गटाराचं झाकण दाखवलं. राखालदा नावाचा माणूस वर्षानुवर्षं ते साफ करायचा. ताईंना तो लहानपणापासून ओळखत होता. एका वैशाखात गटार तुंबलं आणि ठेकेदाराने त्याला आत उतरवलं. माणसाला असं उतरवायला कायद्याने बंदी आहे, पण गल्लीत पाणी साचलं की कायदा कुणाला आठवतो? सकाळपासून सडक्या अंड्यांसारखा वास सुटला होता. ताईंनी गॅलरीतून हाक मारून विचारलं, "राखालदा, खूब गंधो?" त्याने आतून मान वर केली आणि हसून म्हणाला, "ना दीदी, आर गंधो नेई." म्हणजे, आता वास येत नाही. थोड्या वेळाने त्याला इतरांनी उचलून बाहेर काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

"हायड्रोजन सल्फाइड," ताई म्हणाल्या. "हा वायू वाढला की आधी नाक बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं, आणि नेमका तेव्हाच तो सगळ्यात जास्त असतो. पुस्तकात मी हे वाचलं होतं रे. गॅलरीत उभी असताना मात्र मलाही हायसंच वाटलं, की चला, वास गेला." त्यांना माणसाच्या नाकाच्या जागी उजेड हवा होता. हातात धरता येईल अशी पेटी, तिची नळी गटारात सोडायची, लेझर आतल्या हवेतून जाणार आणि उतरायचं की नाही ते पेटी सांगणार. निवृत्तीआधी ही पेटी त्यांना आपल्या गल्लीत चाललेली बघायची होती.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना आमचा नवा लेझर तयार झाला. जिन्याची आखणी ताईंची. चिप तांब्याच्या पट्टीवर बसवून तिची उष्णता खाली उतरवायचं काम माझं. पहिल्याच चाचणीत त्याने तेवढ्याच विजेत आमच्या जुन्या लेझरच्या जवळजवळ दुप्पट उजेड दिला. मी सगळ्या मजल्यावर संदेश वाटले. संचालक स्वतः खाली येऊन गेले. शोधनिबंध लिहून झाला, आणि दिल्लीच्या पाहुण्यांसमोर पेटीचं प्रात्यक्षिक मे महिन्यात करायचं ठरलं. त्या सगळ्या धामधुमीत एका दुपारी ताई प्रयोगशाळेत आल्या, लेझरच्या डबीला पालथा हात लावला आणि म्हणाल्या, "मिलिंद, एसी बंद कर. खिडक्या उघड."

आमच्या प्रयोगशाळेत एसी बंद करणं म्हणजे देवघरात चपला घालून जाण्यासारखंच. मी कुरकुरत बंद केला. खिडक्यांतून कोलकात्याची दमट, चिकट हवा आत आली. आम्ही घाम पुसत बसलो आणि लेझर तापू लागला. लेझर तापला की त्याचा रंग किंचित सरकतो, हे आम्हाला माहीत होतंच. पण तो सरकून जिथे गेला तिथे पाण्याची वाफ टपून बसली होती, आणि ती जवळजवळ सगळा उजेड गिळत होती. या शहराच्या हवेत निम्मं पाणीच असतं म्हणा ना! ताईंनी चाचणीच्या नळीत तो विषारी वायू सोडायला लावला. पडद्यावरची रेघ जागची हलली नाही. आणखी सोडायला लावला, तरी नाही. पेटीवरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

"गंधो नेई," ताई हळूच म्हणाल्या.

मी हट्टाला पेटलो. लेझर गार ठेवायला मोठा शीतक लावू म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग त्याची बॅटरी वाहायला हमाल लागेल. आणि शीतक बंद पडला की पेटी पुन्हा खोटं बोलणार, तेही हिरवा दिवा लावून." मी म्हटलं, प्रात्यक्षिक सकाळी लवकर करू, एसी गाडीत बसून करू. "राखालदा एसी गाडीतून यायचा का रे?" मग मी शेवटचं सांगितलं, "ताई, एकदा दाखवून टाकू. सुधारू मागाहून." त्या म्हणाल्या, "दाखवलेलं कोणी सुधारत नाही. दाखवलेलं विकतात."

त्यांनी त्याच संध्याकाळी संचालकांना फोन करून प्रात्यक्षिक रद्द करायला सांगितलं. संचालकांनी प्रकल्पाची मुदत वाढवायला नकार दिला. वय झालं तशा शैलादीही भित्र्या झाल्या, अशी कुजबुज कँटीनमध्ये चालली, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. ताईंनी मात्र दुसऱ्या दिवशी जिन्याची आखणी पुन्हा करायला घेतली. "तापला की रंग सरकतो, बरोबर? मग सरकून तो जिथे पोचेल, तिथेच आपलं काम ठेवायचं. आज गारव्यात बरोबर असतो आणि उन्हात चुकतो. ते उलटं कर."

मी पायऱ्यांची नवी मापं घालून हिशोब केला. "ताई, उजेड निम्माच राहील. जुन्या लेझरइतकाच."

"चालेल. दिलेल्यातला थोडाच उजेडात गेला तरी तो खरा हवा. गारठ्यात चुकला तर चुकू दे. उन्हात बरोबर यायला हवा." आणि पेटीवर त्यांनी आणखी एक दिवा लावायला सांगितला, पिवळा. लेझर त्याच्या जागेवर पोचलेला नसेल तर पेटीने हिरवा लावायचा नाही आणि लालही नाही, पिवळा लावायचा. "त्याचा अर्थ, मला ठाऊक नाही. हे म्हणता येणं फार मोठी गोष्ट आहे. आपल्या अर्ध्या प्राध्यापकांना येत नाही."

ताई निवृत्त झाल्यावर, प्रकल्पाची मुदत संपली तरी, मी नव्या लेझरचं काम चालू ठेवलं. टेबलावर गरम करून बघितलं तेव्हा रंग जागेवर आला. पण टेबल म्हणजे गल्ली नव्हे, हे ताईंचंच वाक्य. मला मात्र दम निघेना. ऐन जानेवारीत, पेटीत लेझर उबदार ठेवायची नीट सोय झालेली नसताना, मी ती घेऊन बागबाजारात पोचलो. गल्ली गोळा झाली. झाकण उघडून नळी आत सोडली. पिवळा दिवा लागला तो लागलाच. अर्धी सकाळ गेली तरी पिवळाच. माकडटोपी घातलेले एक शेजारी म्हणाले, "ओ शैलादी, तोमार मेशीन तो घुमोच्छे!" तुमचं यंत्र झोपलंय की! मला जमिनीने गिळावं असं झालं. ताई मात्र शाल सावरत मोकळेपणाने हसल्या. "खोटं तर बोललं नाही ना? बास. वैशाख येऊ दे." मग वर नेऊन त्यांनी मला नलेन गुळाची पुरणपोळी वाढली.

फाल्गुनात त्यांच्या हृदयाने दगा दिला. इस्पितळात मी भेटायला गेलो तर उशाशी ठेवलेल्या मॉनिटरला त्यांनी पालथा हात लावला होता. "याच्या पाठीला हवा लागत नाहीये. भिंतीपासून जरा पुढे ओढ," म्हणाल्या. मी ओढला. मग त्यांनी पेटीची चौकशी केली आणि पिवळ्या दिव्याची वायर पक्की केलीस का विचारलं. दोन दिवसांनी त्या गेल्या. त्यांनी आपली पेटी गल्लीत चाललेली पाहिलीच नाही. पाहिला तो पिवळा दिवा. मला याचं फार वाईट वाटतं, अजूनही. त्यांना मात्र वाईट वाटलं नव्हतं, हे मी जानेवारीत त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं आहे.

वैशाखात गल्लीतलं गटार पुन्हा तुंबलं. ताईंच्या शेजाऱ्यांनीच मला फोन केला. मी भर दुपारी पेटी घेऊन गेलो. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. ठेकेदाराचा माणूस सावलीत उभा होता आणि स्वपन नावाचा कामगार कमरेला दोर बांधून झाकणाशी बसला होता. मी नळी आत सोडली. पेटीवर पिवळा दिवा लागला. मी उन्हातच उभा राहिलो. पिवळा विझला आणि लाल लागला, आणि पेटी कर्कश ओरडू लागली.

स्वपनने वाकून गटारात तोंड घातलं, हुंगलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "गंधो तो नेई, दादा."

"नेई बोलेई तो नामबेन ना," मी म्हणालो. वास नाही, म्हणूनच उतरायचं नाही. माझा आवाज चिरकला असावा, कारण ठेकेदाराच्या माणसानेही मान वळवून बघितलं. त्याने दोन शिव्या घातल्या आणि मग गाळ ओढायच्या गाडीसाठी फोन लावला.

मी पेटीला पालथा हात लावला. चांगलीच तापली होती. स्वपनने कमरेचा दोर सोडला, ताईंच्या घराच्या पायरीवर जाऊन बसला आणि जेवणाचा डबा उघडला.