दाराकडे बघणाऱ्या आगाशे मॅडम

आगाशे मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी दार बघायच्या. ते नीट उघडतं का, कडी कुठल्या बाजूला आहे, हे पाहून मगच दाराकडे तोंड करून बसायच्या. बोलता बोलताही त्यांची नजर तिकडे जायची. तळेगावच्या आमच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली कंत्राटी समन्वयक म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, कोणी यायचंय का?" त्या ओशाळल्या. "नाही गं वर्षा. दार उघडं आहे ना, एवढंच बघते. बंद झालं की माझा जीव घुसमटतो."

होत्याच त्या घाबरट. फोन वाजला तरी दचकायच्या. धुकं पडलं की गाडीत बसायला तयार नसायच्या. आणि अशा बाईच्या गळ्यात काम काय पडलं, तर चार विद्यापीठांच्या संघाची आखणी! शिक्षण अर्धवट सुटलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसांसाठी काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रम काढायचे, प्रत्येकाचं छोटं प्रमाणपत्र द्यायचं आणि एका विद्यापीठात मिळवलेलं क्रेडिट बाकीच्या तिन्ही विद्यापीठांनी मानायचं. कुलगुरूंपासून कारखान्याच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांशी बोलायचं ते मॅडमनीच. प्रत्येक फोनआधी त्या घोटभर पाणी प्यायच्या आणि फोन ठेवला की कपाळ पुसायच्या.

त्यांची एक पद्धत मात्र मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. आपण आखलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाची परीक्षा त्या स्वतः द्यायच्या, पहिल्या तुकडीबरोबर, त्याच दिवशी, त्याच वेळी. "आपल्या छातीत धडधडलं नाही, तर त्यांना कुठे धडधडतंय ते कसं कळणार?" असं त्यांचं म्हणणं. मावळातल्या बायका कित्येक वर्षांनी परीक्षेला बसताना रडकुंडीला येत. आम्ही सगळे त्यांना सांगायचो, घाबरू नका. मॅडम तसं कधीच म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "घाबर की! घाबरत घाबरत लिही."

संगीता त्यातलीच. बेडश्याच्या शेतकरी घरातली सून, आंबीच्या एका कारखान्यात पॅकिंगला. माल तपासणीचं प्रमाणपत्र आणलंस तर कायम करू, नाहीतर मुदत संपली की घरी, असं कंपनीने तिला स्पष्ट सांगितलेलं. परीक्षा घरून, मोबाईलवर. कॅमेरा चालू ठेवायचा, आणि नजर सारखी बाजूला गेली तर यंत्र नावापुढे लाल खूण करणार. लाल खूण म्हणजे कॉपी, आणि कॉपी म्हणजे वर्षभर बाद. तेही चारही विद्यापीठांत एकदम, कारण सगळ्यांची नोंद एकच. ही एकच नोंद मुळात मॅडमचीच कल्पना. बायकांना कागद दाखवत दारोदार फिरावं लागू नये म्हणून त्यांनी हट्टाने करून घेतलेली.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी निकाल लागला. लाल खुणा दोनच. एक संगीताची आणि दुसरी आगाशे मॅडमची.

"मी दाराकडे बघितलं गं," मॅडम म्हणाल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. आखणी करणारीच कॉपीत सापडली म्हटल्यावर संघ राहणार कुठे आणि माझं कंत्राट राहणार कुठे?

दुपारी संगीता कारखान्यातली पाळी बुडवून धावत आली. "मॅडम, देवाशप्पत मी कापी न्हाई केली. पोरगं तापानं फणफणलं हुतं. बाजूलाच निजवलं हुतं, त्याच्याकडं बघत हुते. आता कंपनी काढंल का वं मला? लय भ्या वाटतंय." मॅडमनी तिचा हात हातात घेतला.

संध्याकाळी परीक्षेची यंत्रणा सांभाळणाऱ्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमची खूण तांत्रिक चूक म्हणून काढून टाकतो. कुणाला कळायचंही नाही."

"आणि संगीताची?"

"तिची कशी काढणार? नियम आहे ना."

"मग माझीही राहू द्या," मॅडम कशाबशा म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग मलाच विचारू लागल्या, "माझी ती तांत्रिक चूक आणि तिची ती चोरी? असं कसं गं?"

त्याच आठवड्यात लोणावळ्याला संघाची बैठक होती. कामशेत मागे पडलं आणि असं धुकं दाटलं की समोरचा ट्रकही दिसेना. मॅडमनी माझं मनगट गच्च धरून ठेवलं होतं. "वर्षा, माझ्यामागे चौकशी लावतील गं. निवृत्तीला आलेय, पेन्शन अडकवतील."

"मग नका ना बोलू!" मी जवळजवळ ओरडलेच.

"नाही बोलले तर ती पोर कुठे जाईल?"

हॉटेलच्या हॉलमध्ये चार कुलगुरू, बरेचसे प्राध्यापक आणि एसी चालू म्हणून घट्ट लावलेलं दार. मॅडमचा विषय आला. त्या उभ्या राहिल्या, दाराकडे बघितलं, पाणी प्यायल्या. मला वाटलं, आता कोसळतात. "आपल्या नियमाप्रमाणे मी कॉपी केली आहे," त्या म्हणाल्या. "खूण माझ्याही नावापुढे आहे. मला बाद करणार असाल तरच संगीताला बाद करा. तिला सोडणार असाल तरच मला सोडा."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "मॅडम, याने तुमची बदनामी होईल."

"होईल हो. भीती वाटतेच आहे मला. हे बघा हात." आणि त्यांनी थरथरणारे हात खरंच सगळ्यांसमोर धरले. "पण यंत्राने विचारलं का आम्हाला, बाई, तू कुठे बघत होतीस? एक फोन करून विचारा. माणसाने माणसाला विचारा. एवढंच."

वाद पुष्कळ झाला. शेवटी ठरलं, यंत्राने खूण केली तरी आधी माणसाने फोन करायचा, ऐकून घ्यायचं, मगच निर्णय. दोघींच्याही खुणा निघाल्या आणि संगीताची नोकरी कायम झाली. मॅडमना मात्र पुढच्याच महिन्यात आखणीतून बाजूला केलं. कारण दिलं प्रकृतीचं. मला असा संताप आला! त्या उलट मलाच समजावत राहिल्या, "सुटले गं बाई. आता फोन वाजला तरी दचकायला नको."

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. वराळ्याच्या त्यांच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा संगीता आधीच येऊन बसली होती. गार वारा येतो म्हणून दार कोणीतरी लोटून घेतलं होतं. तिने उठून ते सताड उघडलं आणि उघडंच राहावं म्हणून खाली वीट लावली. आम्ही दोघी तिथेच रडलो.

आता आखणीचं काम माझ्याकडे आहे. परवा नव्या अभ्यासक्रमाची परीक्षा होती. पहिल्या तुकडीबरोबर मीही बसले. तळहाताला घाम, साधं उत्तरही आठवेना. मध्येच सवयीने, मॅडम आल्या की काय म्हणून, दाराकडे बघितलं. पुन्हा बघितलं. पडद्यावर लाल खूण आली, आता ती तिथल्या तिथे दिसते.

तेवढ्यात फोन वाजला. परीक्षा विभागातली कोणी मुलगी होती. "मॅडम, तुम्ही सारखं बाजूला बघताय. काही झालंय का?"

"दार उघडं आहे ना, ते बघत होते," मी म्हणाले.

"बरं. घाबरू नका हं मॅडम."

"घाबरतेय हो," मी म्हटलं, "पण लिहितेय."