मागून न आलेली हाक

मी बोटीच्या शिडीच्या निम्म्यावर होतो आणि लाडवांची पिशवी धक्क्यावर उभ्या असलेल्या आप्पांच्याच हातात राहिली होती. एक हाक मारली असती तर उतरून घेतली असती. त्यांनी मारली नाही. वर पोचून वळून पाहिलं तर पिशवी पोटाशी धरून तसेच उभे. मला वाटलं, म्हातारा विसरला.

माझे वडील, आप्पा, लालबागला गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. आई मी लहान असतानाच गेलेली, खोलीत आम्ही दोघंच. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत मी सगळ्यांच्या पुढे असायचो. गोळीबारात आमच्या चाळीतला एकजण गेला आणि आप्पांनी धसका घेतला. आफ्रिकेत मोंबासाला माझे मामा रेल्वेत कारकून होते. त्यांच्याकडे जायला पासपोर्ट आधीच काढून झाला होता. "तीन म्हयने मामाकडे रव," आप्पा म्हणाले, "तोवर सगळा निवळात."

परवान्यावर माझ्या नावापुढे 'व्हिजिटर' असा शिक्का बसला. मुदत संपत आली तसा मी आप्पांच्या पत्राकडे डोळे लावून बसलो. पत्र आलं. नळाच्या बदललेल्या वेळा, गणपतीला कोण कोण येऊन गेलं, शेजारच्या साळवीकाकूंच्या मुलीचं लग्न, सगळं होतं. शेवटी 'प्रकृतीस जपणे'. 'ये' हे एवढंसं अक्षर मात्र कुठे नव्हतं. माझं डोकं फिरलं. बोलवत नाहीत तर जायचं कशाला? मामांबरोबर इमिग्रेशनच्या कचेरीत गेलो आणि मुदत वाढवून घेतली. फॉर्मात कारण विचारलं होतं. मामांनी लिहिलं, मामीला बरं नसतं. मामी चांगली ठणठणीत होती.

असं चार वेळा झालं. चौथ्या खेपेला साहेबानं विचारलंच, तुमच्या बायकोला झालंय तरी काय? मामा भलतेच खजील झाले.

तिथे दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की आतून 'करिबू' ऐकू येतं, म्हणजे ये, आत ये. नाक्यावर भाजके शेंगदाणे विकणारी बाईसुद्धा म्हणायची. अख्खं गाव मला ये म्हणत होतं, एक माझा बाप सोडून. संध्याकाळी मी बंदरावर जाऊन मुंबईच्या बोटी बघत बसायचो. फार एकटं वाटायचं. आप्पांना मात्र लिहायचो, मजेत आहे, काळजी नसावी.

शेवटी बंदरावरच्याच एका कचेरीत नोकरी लागली आणि व्हिजिटरचा रहिवासी झालो. मुंबईसह महाराष्ट्र झाला ते मला शिळ्या वर्तमानपत्रातून कळलं. त्याच पावसाळ्यात आप्पा गेल्याची तार आली.

मी पोचलो तेव्हा बारावं-तेरावं सगळं उरकलं होतं. साळवीकाकूंनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "किती वेळा म्हटलं, अहो, लिहा त्याला ये म्हणून. तर म्हणायचे, 'जाणाऱ्याक मागसून हाक मारूची नसता. तो आपणहून येतलो.'"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. धक्क्यावर ते पिशवी विसरले नव्हते. मागून हाक मारली तर माझ्या वाटेत काही विघ्न येईल, म्हणून गप्प राहिले होते. आणि पत्रातही चार वर्षं तसेच गप्प राहिले. ते माझी वाट बघत होते आणि मी त्यांच्या हाकेची.

खोली सोडून मी मोंबासाला परत गेलो. लग्न, संसार सगळं तिकडेच झालं. घर कुठलं म्हणून विचारलं तर तोंडात अजून लालबागच येतं, पण तिथे माझी वाट बघणारं कुणी नाही. म्हणजे ते घर आता फक्त सांगण्यापुरतं. तुमच्यापैकी कुणी परमुलखात बोलावण्याची वाट बघत बसलं असेल, तर बसू नका.

परवा माझी मुलगी शिकायला लंडनला निघाली. गाडीत बसणार एवढ्यात मला दिसलं, मफलर खुर्चीवरच राहिलाय. मी दारातून मोठ्यानं हाक मारली. ती वैतागून परत आली.

"बाबा, निघताना मागून हाक मारू नये. मामीआजी नेहमी सांगते ना?"

"मारू नये," मी म्हटलं. "मफलर घे. आणि सुट्टी लागली की ये. नाही आलीस तर पुन्हा हाक मारीन."